घाटात तिसरा गिअर सोडणारी पिकअप: बांधावी, बदलावी की विकावी?

वाचकाचे पत्र

"आमच्याकडे २००३ सालची शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० पिकअप आहे. ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन, चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, १ लाख ७८ हजार मैल झालेले. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो आणि उन्हाळ्यात २४ फुटी कॅम्पिंग ट्रेलर जोडून आय-७० महामार्गाने पश्चिमेकडे जातो. या जूनमध्ये आयझेनहॉवर बोगद्याच्या चढावर दुसऱ्यातून तिसरा गिअर पडताना इंजिन नुसतेच गरगरले आणि मग धक्का बसून गिअर पडला. आता ट्रेलर नसताना, सपाटीवरही तसेच होते. तेल काळपट दिसते. जवळचे गॅरेज ३,१०० डॉलरमध्ये गिअरबॉक्स खोलून, झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधून देते, हमी १२ महिने किंवा १२,००० मैल. कारखान्यात पुन्हा बांधलेला गिअरबॉक्स बसवून ४,७०० डॉलर, हमी ३ वर्षे किंवा १ लाख मैल. जुन्या गाड्यांच्या यार्डातला बसवून १,६०० डॉलर, हमी ९० दिवस. मेहुणे म्हणतात, ४एल८०-ई हा जास्त दणकट गिअरबॉक्स टाका आणि विसरून जा. सौभाग्यवती म्हणतात, गाडीच विका. गाडीवर जीव आहे, पण खिशालाही मर्यादा आहे. काय करावे?"

– कोलोरॅडोतील एक वाचक

उत्तर

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात तीन किमती आहेत, तीन हमी आहेत, मेहुण्यांचे आणि सौभाग्यवतींचे मतही आहे. परंतु ज्या दोन आकड्यांवर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे ते मात्र नाहीत. भरलेल्या ट्रेलरचे वजन किती, हा पहिला आकडा आणि गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकांच्या एका फेरीमागे शाफ्टच्या फेऱ्या, किती, हा दुसरा. तुमचा गिअरबॉक्स वयाने गेलेला नाही, उष्णतेने गेला आहे, आणि ही उष्णता कोठून आली हे समजल्याशिवाय १,६०० डॉलरचा काय किंवा ४,७०० डॉलरचा काय, कोणताही गिअरबॉक्स बसवला तरी तो त्याच घाटात त्याच प्रकारे करपणार आहे.

प्रथम काय बिघडले आहे ते पाहू. तुमच्या गाडीत ४एल६०-ई हा गिअरबॉक्स आहे. या नावातला ४ म्हणजे पुढच्या चार गती, एल म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला, ६० हा त्याच्या ताकदीचा सापेक्ष दर्जा आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. मूळ रचना १९८२ साली आलेल्या ७००आर४ची आहे. हलक्या गाडीसाठी ही चांगली आणि काटकसरी रचना आहे, मात्र तिची एक दुखरी जागा गॅरेजवाल्यांना तोंडपाठ असते. तिसऱ्या आणि चौथ्या गतीसाठी एकच क्लचसंच आहे, ज्याला ते 'थ्री-फोर क्लच' म्हणतात. अरुंद जागेत बसवलेल्या पातळ प्लेटा तेलाच्या दाबाने एकमेकींवर आवळल्या जातात तेव्हा गिअर धरतो. दाब कमी पडला किंवा प्लेटांवरचे अस्तर झिजले की त्या घसरतात, घसरल्या की तापतात आणि तापल्या की अस्तर जळून तेलात उतरते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन गरगरणे आणि तेल काळे पडणे ही दोन लक्षणे एकत्र दिसली की दहातल्या नऊ वेळा मी याच क्लचकडे बोट दाखवीन.

उरलेल्या एका वेळेसाठी मात्र पैसे मोजण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. तेल कमी असणे, एखादा सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारा विजेवरचा भाग) अडकणे किंवा व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब वाटून देणाऱ्या भागात) दाब गळणे यांमुळेही असेच घडू शकते, आणि ती कामे कमी खर्चाची आहेत. गाडी सपाट जागी, गरम झालेली, इंजिन चालू आणि गिअर पार्कमध्ये असताना तेलाची पट्टी पाहावी. थंड गाडीत दिसणाऱ्या पातळीवर विसंबू नये. सुट्या भागांची अनेक दुकाने संगणकातले दोषांक फुकट वाचून देतात, तेही वाचून घ्यावेत. पी १८७० हा अंक आला तर त्याचा अर्थ गिअरबॉक्सच्या आत काहीतरी घसरते आहे असा असतो, आणि या जातीच्या गिअरबॉक्समध्ये त्याचे नेहमीचे कारण म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) लॉकचा, म्हणजे त्या दोहोंना थेट जोडणाऱ्या क्लचचा, दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हचे भोक झिजणे. केवळ तेवढेच असेल तर भोक मोठे करून जाड व्हॉल्व्ह बसवता येतो. याउलट दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही एकदम गेले असते आणि पहिला व तिसरा शाबूत असता, तर सन गिअरला (मधोमध असलेल्या गिअरला) फिरवणाऱ्या पत्र्याच्या शेलचे दाते सोलले गेले असे मी म्हटले असते. तुमचे लक्षण तसे नाही.

यानंतर ऑइल पॅन उतरवून घ्या आणि ते काम चालू असताना स्वतः हजर राहा. पॅनच्या तळाशी एक लोहचुंबक असते. त्यावर करड्या रंगाचा, बोटावर मेंदीसारखा पसरणारा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे, तिला घाबरण्याचे कारण नाही. त्या लेपात पोलादाचे तुकडे टोचत असतील किंवा तेलात पितळी चमचम दिसत असेल तर आतले बुश आणि वॉशर गेलेले असतात. तळाशी काळा चोथा साचला असेल आणि तेलाला तव्यावर करपलेल्या कांद्यासारखा वास येत असेल, तर ते क्लचचे अस्तर आहे. अशा वेळी 'नवीन तेल घालून पाहू' हा मोह आवरावा. जळलेले अस्तर नव्या तेलाने परत येत नाही, आणि यंत्र लावून सगळे तेल दाबाने धुऊन काढणाऱ्याला तर या गाडीला हात लावू देऊ नये. 'तेल बदलले आणि गिअरबॉक्स गेला' अशी तक्रार आपण ऐकतो, ती बहुतेक अशाच गाड्यांची असते. तो आधीच गेलेला असतो, बातमी तेवढी तेल बदलल्यानंतर कळते.

आता उष्णतेकडे येऊ, कारण खरा मुद्दा तोच आहे. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे आणि आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांपर्यंत चढतो. टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के ताकद गमावते, म्हणजे बोगद्यापाशी तुमच्या व्ही-८ची जवळजवळ एक तृतीयांश ताकद विरळ हवेनेच खाल्लेली असते. चढ मात्र कमी होत नाही. अशा वेळी गाडी चौथ्यात राहिली तर काय होते ते पाहा. टायरचा व्यास ३० इंच आणि अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ३.४२ धरले, तर ताशी ६५ मैलांना तिसऱ्यात इंजिनाच्या मिनिटाला सुमारे २,४९० फेऱ्या होतात आणि चौथ्यात केवळ १,७४० च्या आसपास. या इंजिनाचा पूर्ण जोर ४,००० फेऱ्यांच्या सुमारास मिळतो. १,७४० फेऱ्यांवर ट्रेलर ओढणे त्याला झेपत नाही, म्हणून कन्व्हर्टरचे लॉक सुटते, गिअर तिसऱ्यात येतो, जरा वेग आला की पुन्हा चौथ्यात जातो, पुन्हा सुटतो. लॉक सुटलेला कन्व्हर्टर म्हणजे तेल घुसळून तापवणारी रवीच. इंजिनाची जी ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही ती सगळी त्या तेलात उष्णता होऊन मुरते. तेल १७५ ते २०० अंश फॅरनहाइट असेपर्यंत सारे ठीक असते. ते २४० च्या वर गेले की त्याचे वार्निशसारखे चिकट थर होऊ लागतात आणि त्याहून वर रबरी सील कडक होतात. सील कडक झाले की दाब गळतो, दाब गळला की थ्री-फोर क्लच घसरतो. तुमच्या गाडीला जे झाले ते मला असे दिसते.

म्हणून पहिले काम अ‍ॅक्सलचे. ग्लोव्ह बॉक्समध्ये गाडीच्या सुट्या भागांचे सांकेतिक अंक छापलेले एक लेबल असते. त्यावर जीयू६ लिहिले असेल तर गुणोत्तर ३.४२, जीटी४ असेल तर ३.७३ आणि जीटी५ असेल तर ४.१०. त्याच लेबलावर केएनपी आहे का तेही पाहा. असेल तर गाडीला गिअरबॉक्सचा जादा कूलर कारखान्यातूनच मिळालेला आहे. हीच गाडी, हेच इंजिन, पण ३.४२ ऐवजी ३.७३ असेल, तर कंपनीने ठरवलेली ओढण्याची मर्यादा साधारण हजार पौंडांनी वाढते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मालकपुस्तिकेच्या ट्रेलरविषयक तक्त्यात इंजिन, कॅब आणि गुणोत्तर यांनुसार दिलेला आहे. विकणाऱ्याने तोंडी सांगितलेला आकडा विसरून जावा.

दुसरे काम वजनाचे. ट्रेलरच्या माहितीपत्रकात असते ते रिकाम्या ट्रेलरचे वजन, आणि रिकामा ट्रेलर घेऊन कोणी फिरायला जात नाही. पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली तरी ३३० पौंडांहून जास्त वजन वाढते. त्यात आपली माणसे सहलीला निघतात ती प्रेशर कुकर, तांदळाचे पोते, इडलीपात्र आणि कोणाच्या तरी आत्यासाठी घेतलेले लोणच्याचे बरणीभर ओझे घेऊन. तेव्हा गाडी आणि ट्रेलर सहलीला निघतात तसेच भरून, माणसांसकट, महामार्गावरच्या ट्रकथांब्यावरील कॅट वजनकाट्यावर न्यावेत. एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा सोडून वजन करावे. उदाहरणार्थ, जोडलेल्या अवस्थेत एकूण १२,३०० पौंड आणि नुसती पिकअप ५,७०० पौंड आली, तर ट्रेलर ६,६०० पौंडांचा आहे. ट्रेलर जोडलेला असताना पिकअपच्या दोन अ‍ॅक्सलांवर मिळून ६,४५० पौंड आले, तर त्यातून ५,७०० वजा करून उरलेले ७५० पौंड म्हणजे हिचवर (पिकअपला ट्रेलर जोडण्याच्या सांध्यावर) पडणारा भार होय. हा भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. त्याहून कमी असेल तर ट्रेलर शेपटीसारखा हलतो, जास्त असेल तर पिकअप मागे बसते आणि पुढची चाके हलकी होतात. शिवाय हे ७५० पौंड पिकअपवरच लादलेले असतात, म्हणून माणसे आणि सामान यांच्यासह ते दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या मर्यादेत बसले पाहिजेत. हिचच्या नळीवरचे लेबलही वाचावे. वजन वाटून देणारे हिच नसेल तर तेथे बऱ्याचदा बराच लहान आकडा लिहिलेला असतो.

हे दोन आकडे हातात आले की निर्णय फारसा अवघड राहत नाही. भरलेला ट्रेलर मर्यादेच्या ८० टक्क्यांच्या आत असेल, तर गिअरबॉक्स बदलून ही गाडी आणखी कित्येक उन्हाळे घाट चढेल. तो मर्यादेला टेकलेला किंवा ओलांडलेला असेल आणि अ‍ॅक्सल ३.४२ चा असेल, तर मी या गाडीत पैसे घालणार नाही. ट्रेलर लहान करीन किंवा पाऊण टनाची वापरलेली सिल्व्हराडो २५०० घेईन. अ‍ॅक्सलचे गुणोत्तर बदलून घेता येते, परंतु फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा आणि मागचा असे दोन्ही बदलावे लागतात आणि स्पीडोमीटरसाठी संगणकही नव्याने जुळवावा लागतो. त्या खर्चात बऱ्याचदा गणित फसते.

मेहुण्यांची सूचना चुकीची नाही, पण ती दुसऱ्या गाडीसाठी आहे. ४एल८०-ई हा जुन्या टर्बो ४०० या गिअरबॉक्सच्या वंशातला, खरोखर दणकट गिअरबॉक्स आहे. तो जड आहे, लांब आहे, त्यासाठी मागचा शाफ्ट आखूड करावा लागतो, खालचा आडवा बीम सरकवावा लागतो, वायरिंगमध्ये एका जादा वेगसेन्सरची सोय करावी लागते आणि संगणकाचा प्रोग्रॅम बदलावा लागतो. शिवाय त्याचा पहिला गिअर २.४८ चा आहे, तर तुमच्या सध्याच्या गिअरबॉक्सचा ३.०६ चा, ३.४२ च्या अ‍ॅक्सलबरोबर ट्रेलर घेऊन चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना हा फरक चांगलाच जाणवेल. ज्याच्या हाती वेल्डिंग मशीन आणि मोकळे शनिवार-रविवार आहेत त्याने तो नाद करावा.

यार्डातल्या गिअरबॉक्सविषयी थोडक्यात सांगतो: घेऊ नका. तो कोणत्या गाडीतून निघाला आणि त्या गाडीने काय ओढले हे कोणालाच माहीत नसते. रोज गावात फिरणाऱ्या गाडीसाठी तो जुगार एखादे वेळी परवडतो, ट्रेलरसाठी परवडत नाही.

मग उरतात ते स्थानिक गॅरेज आणि कारखान्यात बांधलेला गिअरबॉक्स. गॅरेजचा कारागीर चांगला असेल तर त्याचे काम कारखान्यापेक्षा सरस होऊ शकते, पण त्याला काही प्रश्न विचारा आणि उत्तरे अंदाजपत्रकावर लिहून घ्या. सन शेल कडक केलेल्या, मजबूत प्रकारचा घालणार का? थ्री-फोर क्लचमध्ये जास्त प्लेटांचा संच बसवणार का? व्हॉल्व्ह बॉडीतली झिजलेली भोके दुरुस्त करणार की नुसती धुणार? सोलेनॉइड नवे का? टॉर्क कन्व्हर्टर नवा का? शेवटच्या प्रश्नाला 'जुनाच चालेल' असे उत्तर आले तर तेथून नमस्कार करून निघावे, कारण जळलेल्या क्लचचा सगळा चोथा त्या कन्व्हर्टरच्या पोटात असतो आणि तो उघडल्याशिवाय नीट साफ होत नाही.

माझा कौल तरीही ४,७०० डॉलरच्या गिअरबॉक्सकडे आहे, आणि त्याचे कारण त्याची कारागिरी नसून तुमचा प्रवास आहे. तुमचा गिअरबॉक्स पुन्हा बिघडला तर तो घरासमोर बिघडणार नाही. तो युटाच्या वाळवंटात, ट्रेलर मागे आणि मुले आत असताना बिघडेल, आणि डेन्व्हरच्या गॅरेजची १२ महिन्यांची हमी तेथे कागदाचा तुकडा ठरेल. देशभर कोठेही मानली जाते अशी हमी आहे ना, हे मात्र विचारून घ्या. हमीपत्रात ट्रेलर ओढण्याबद्दल काय म्हटले आहे, जादा कूलर बसवण्याची आणि जुन्या नळ्या धुतल्याची पावती मागतात का, हेही वाचा. जुना गिअरबॉक्स परत दिल्यावर सुटणारी अनामत किमतीत धरली आहे की वेगळी, ते लिहून घ्या.

त्या नळ्यांबद्दल स्वानुभव सांगणे भाग आहे. माझ्या एका जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स मी एका गॅरेजमध्ये बांधून घेतला आणि दीडशे डॉलर वाचवावेत म्हणून रेडिएटरमधला कूलर तसाच राहू दिला. काम उत्तम झाले होते. सातशे मैलांनी तिसरा गिअर पुन्हा घसरला. खोलल्यावर कारागिराने काही न बोलता कूलरची नळी एका पांढऱ्या फडक्यावर उपडी केली आणि त्यातून जुन्या क्लचची काळी पूड ओघळली. चूक त्याची नव्हती, माझी होती. तुम्ही कूलर धुण्यावर समाधान मानू नका. रेडिएटर जुनाच असेल तर तोही बदला आणि त्यानंतरच्या रेषेत, एसीच्या जाळीपुढे, पट्ट्यांच्या रचनेचा मोठा जादा कूलर बसवा. रेडिएटरमधला कूलर रेषेतून काढून टाकू नये, कारण कोलोरॅडोच्या हिवाळ्यात तेल गरम होण्यासाठी तो लागतो.

यात एवढे पैसे घालण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहून घ्या. तुमच्याकडे बर्फासाठी रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात, आणि या पिढीच्या पिकअपच्या पोलादी ब्रेकनळ्या गंजण्यासाठी बदनाम आहेत. चासीवर हातोडीचा हलका ठोका मारल्यावर खणखणीत आवाज यायला हवा, पापुद्रे पडायला नकोत. इंजिनाचा तेलदाब टिकतो का आणि कूलंट कमी होते का, हेही तपासा. चासी कुजलेली निघाली तर सौभाग्यवतींचे म्हणणे खरे माना आणि गाडीची अवस्था ग्राहकाला स्पष्ट सांगून ती विका.

गिअरबॉक्स बसल्यावर पहिले ५०० मैल ट्रेलर जोडू नका. त्यानंतर पॅनमधले तेल आणि फिल्टर एकदा बदला. पुस्तिकेत डेक्सरॉन-३ लिहिले असले तरी आता डेक्सरॉन-६ घालावे, जुन्याच्या जागी ते चालते. दोषांक वाचणारे छोटे यंत्र गाडीच्या सॉकेटला लावून फोनवर गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान दिसेल अशी सोय करा, कारण पॅनमध्ये सेन्सर आधीपासूनच आहे. चढ सुरू होण्यापूर्वीच गिअरदांडीच्या टोकावरचे टो-हॉलचे (ओझे ओढताना वापरायचे) बटण दाबावे आणि गाडी स्वतःहून तिसऱ्यात राहत नसेल तर दांडी तिसऱ्यावर आणून ठेवावी. वेग ४५ मैलांवर आला तरी उजव्या लेनमधून निवांत चढावे. आकडा २४० च्या पुढे सरकू लागला तर सुरक्षित जागी थांबून गिअर पार्कमध्ये टाकावा आणि इंजिन बंद न करता त्याच्या फेऱ्या थोड्या वाढवून ते चालू ठेवावे, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहते. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना दुसरा गिअर धरावा आणि ब्रेकवर पाय सतत ठेवून बसू नये. त्या उतारावर सुटलेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ बांधलेले तुम्ही पाहिलेच असतील.

काट्यावरचे दोन्ही आकडे आणि लेबलावरचा अंक कळवलात तर ट्रेलर ठेवावा की बदलावा, हे मी पुढच्या पत्रात निश्चित सांगू शकेन. तोपर्यंत गाडी ट्रेलरशिवाय आणि गावातल्या गावातच चालवावी.